एम४पी, पाच संगणक आणि ‘आता अपडेट करा’

जुन्या हार्ड डिस्कवरची गाणी नव्या लॅपटॉपवर घेतली की त्यातली काही मुकीच निघतात. गाण्याचं नाव दिसतं, गायकाचं दिसतं, मुखपृष्ठसुद्धा दिसतं. प्ले दाबलं की मात्र चौकट उघडते: हा संगणक ऑथराइज केलेला नाही (म्हणजे ही गाणी वाजवायची परवानगी त्याला नाही), अ‍ॅपल आयडी आणि पासवर्ड द्या. २००३ ते २००९ या काळात आयट्यून्स स्टोअरमधून, म्हणजे अ‍ॅपलच्या आयट्यून्स या प्लेअरमधल्या दुकानातून, विकत घेतलेल्या गाण्यांचं हे दुखणं. भारतात ते स्टोअर डिसेंबर २०१२ मध्ये उघडलं आणि तोवर गाण्यांवरचं कुलूप निघालं होतं, म्हणून इथल्या खरेदीला हा त्रास नाही. पण त्या वर्षांत अमेरिकेत किंवा इंग्लंडात राहिलेल्या मराठी घरांतल्या डिस्कवर अशा फाइली अजून पडून आहेत.

या कुलपाचं नाव फेअरप्ले. आतलं गाणं म्हणजे साधी १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एएसी फाइल, एमपी३सारखाच एक प्रकार, एमपी४च्या डब्यात भरलेली. त्यातला आवाज एका किल्लीने एन्क्रिप्ट केलेला असतो. ती किल्ली फाइलमध्येच असते, पण तीही आणखी एका किल्लीने बंद केलेली, आणि ही दुसरी किल्ली तुमच्या खात्याची. संगणक ऑथराइज केला की सर्व्हरकडून खात्याची किल्ली येते आणि एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. त्यामुळे एम४पी, म्हणजे ही कुलूपबंद फाइल, कितीही वेळा कॉपी करा, बॅकअप घ्या, काहीही अडत नाही. किल्ली नसेल तर ती नुसती वाजत नाही. हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून पाहिलं तर जिथे साध्या फाइलमध्ये ‘एमपी४ए’ अशी चार अक्षरी खूण असते, तिथे एम४पीमध्ये ‘डीआरएमएस’ ही चार अक्षरं दिसतात. मराठीत ‘सोडलेलं गाणं’ आणि ‘बांधलेलं गाणं’ म्हणायला हरकत नाही, फरक तेवढाच.

आता लोक ज्याच्यावर चिडले ती गोष्ट. किती संगणकांवर गाणं वाजेल, एक प्लेलिस्ट किती वेळा सीडीवर उतरवता येईल, हे नियम गाण्याच्या फाइलमध्ये लिहिलेले नव्हते. ते प्लेअर आणि सर्व्हर मिळून ठरवत. गाणं तुम्ही गेल्या वर्षी घेतलंत, पैसे देऊन मोकळे झालात, आणि या वर्षी प्लेअर अपडेट केला की गेल्या वर्षीच्या गाण्याचे नियम बदलले. दुकानदाराने विकलेल्या पेटीचं कुलूप घरी येऊन बदलावं, असा हा प्रकार.

पहिला झटका स्टोअर उघडल्यावर महिन्याभरातच बसला. एप्रिल २००३ मध्ये आलेल्या आयट्यून्स ४.० मध्ये आपली लायब्ररी दुसऱ्या संगणकाला ऐकवायची सोय होती, आणि आयपी पत्ता टाकला तर ती इंटरनेटवरूनही चाले. लोकांनी लगेच आपापले पत्ते एकमेकांना वाटले. मे महिन्याच्या शेवटी ४.०.१ आली आणि ही सोय घरच्या नेटवर्कपुरती उरली. ‘४.०.१ टाकू नका’ हा सल्ला तेव्हापासूनचा. पुढे दर वेळी फक्त आकडा बदलत गेला.

एप्रिल २००४ मधली ४.५ जास्त बोलकी आहे. ऑथराइज करता येणाऱ्या संगणकांची संख्या ३ वरून ५ झाली, आणि एकच प्लेलिस्ट सीडीवर उतरवण्याची मर्यादा १० वरून ७ वर आली. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. हिशेबाने पाहिलं तर बहुतेकांचा फायदाच झाला, कारण एकच प्लेलिस्ट जशीच्या तशी आठव्यांदा सीडीवर कोण घालणार? शिवाय मोजणी गाण्याची नव्हती, न बदललेल्या प्लेलिस्टची होती. एक गाणं वाढवलं की नवी प्लेलिस्ट आणि नवी मोजणी. तरी लोक चिडले, आणि माझ्या मते बरोबर चिडले. राग सात आणि दहाचा नव्हताच. विकून झालेल्या मालाची अट मागून बदलता येते हे त्या दिवशी पहिल्यांदा उघड दिसलं, त्याचा होता.

मार्च २००५ मध्ये एक गंमत झाली. पायम्युझिक नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅमने दाखवून दिलं की स्टोअर गाणं पाठवतं तेव्हा त्याला कुलूप नसतंच. ते शेवटच्या टप्प्यावर तुमच्याच संगणकावरचं आयट्यून्स लावतं. पायम्युझिक पैसे भरून गाणं घ्यायचं आणि ही शेवटची पायरी तेवढी गाळायचं. काही दिवसांतच खरेदीसाठी आयट्यून्स ४.७ सक्तीचं झालं. म्हणजे भोक एकाने दाखवलं आणि अपडेट करावं लागलं सगळ्यांना, ज्यांना पायम्युझिकचं नावही ठाऊक नव्हतं त्यांनासुद्धा. अपडेटच्या यादीत ‘सुधारणा आणि दुरुस्त्या’ लिहिलेलं असे. त्यातली दुरुस्ती कोणासाठी, हा प्रश्न वापरणाऱ्यांना तेव्हापासून पडू लागला.

मग १२ सप्टेंबर २००६, आयट्यून्स ७.०. ही आवृत्ती मोठी होती: दोन गाण्यांमध्ये खंड न पडता सलग वाजणं, मुखपृष्ठं आपोआप उतरवणं, मुखपृष्ठं चाळत जाण्याची नवी मांडणी. विंडोजवर अनेकांचा आवाज चरचरू लागला, प्लेअर अडखळू लागला, आणि दोन आठवड्यांत ७.०.१ काढावी लागली. अडखळणं दुरुस्त झालं. पण ७.०पासूनच आयपॉडवरच्या गाण्यांच्या किल्ल्या तपासणारी नवी यंत्रणा आली, आणि सप्टेंबर २००७ च्या ७.४ पासून आयपॉडची गाण्यांची यादीच तपासणारी आणखी एक. त्याआधी, जुलै २००४ मध्ये, रिअलनेटवर्क्स या कंपनीने हार्मनी नावाचं सॉफ्टवेअर काढून आपल्या दुकानातली गाणी आयपॉडवर वाजतील अशी सोय केली होती. अ‍ॅपलने तिला हॅकरचे डावपेच म्हटलं होतं. नव्या तपासण्यांमुळे असली बाहेरची गाणी आयपॉडवर चालेनात. यावर अमेरिकेत खटला गेला आणि कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या ज्यूरीने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला की ७.०चे बदल ही उत्पादनातली खरी सुधारणा होती. निकाल अ‍ॅपलच्या बाजूने. कायद्याच्या भाषेत विषय मिटला, पण तोवर आयपॉड स्वतःच मिटत आला होता.

७.० नको म्हणून ६ वर परतणाऱ्यांची फजिती वेगळी, आणि ती आजही कुठल्याही प्लेअरच्या बाबतीत उपयोगी पडते. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की ती लायब्ररीची फाइल नव्या रचनेत लिहून टाकते. मग नवी काढून जुनी टाकली की ती म्हणते: ही लायब्ररी नव्या आवृत्तीने बनवलेली आहे, मला वाचता येत नाही. लोकांना वाटे गाणी गेली. गाणी कुठेच गेलेली नसत. आयट्यून्स फोल्डरच्या आत ‘प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज’ नावाचं फोल्डर असतं. अपडेटच्या आधीची लायब्ररी तारखेसकट तिथे ठेवलेली सापडते. ती बाहेर आणायची, नावातली तारीख काढून मूळ नाव द्यायचं, नवी बाजूला सरकवायची. अपडेटनंतर घातलेली गाणी तेवढी पुन्हा घालावी लागतात.

विंडोज मीडिया प्लेअर वापरणाऱ्यांचं दुःख याहून मोठं, कारण त्यांची बरीचशी बंद गाणी विकत घेतलेलीही नव्हती. घरच्या सीडी घरच्याच संगणकावर रिप केलेल्या, म्हणजे फाइल करून उतरवलेल्या. सेटिंगमध्ये ‘कॉपी प्रोटेक्ट म्युझिक’ असा एक चौकोन असे. त्यावर खूण असली की प्लेअर तुमच्याच सीडीवरून बनवलेल्या डब्ल्यूएमए फाइलला कुलूप घालून तिचा परवाना त्याच संगणकावर ठेवायचा. वर्षभराने व्हायरस शिरला, कोपऱ्यावरच्या संगणकवाल्याने फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा टाकलं, गाण्यांचं फोल्डर मात्र आठवणीने आधी सीडीवर घेऊन ठेवलं. गाणी परत आली, परवाने गेले. आवृत्ती १० पर्यंत परवान्यांचा बॅकअप घेण्याची सोय तरी होती. ऑक्टोबर २००६ मधल्या आवृत्ती ११ ने ती काढून टाकली. त्या जागी मदतीच्या पानावर सांगितलेलं असे की सीडीवरून रिप केलेलं गाणं वाजवून पाहा, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळाकडून हक्क ठरावीक वेळाच परत मिळू शकतील. स्वतःच्या सीडीवरचं गाणं ऐकायला दुसऱ्याची परवानगी, तीही मोजून!

किल्ली दुसऱ्याच्या घरी ठेवली की तो घर बदलणार हे धरून चालावं. एमएसएन म्युझिक या मायक्रोसॉफ्टच्या गाण्यांच्या दुकानाने एप्रिल २००८ मध्ये कळवलं की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ल्या मिळणार नाहीत. ओरड झाली तेव्हा ती मुदत २०११ च्या अखेरीपर्यंत वाढली. याहूचं गाण्यांचं दुकान २००८ मध्येच ३० सप्टेंबरला बंद झालं. याउलट आपल्याकडचं फ्लिपकार्टचं फ्लाइट हे गाण्यांचं दुकान पाहा. फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू झालं, जून २०१३ मध्ये गुंडाळलं, वर्ष-सव्वा वर्षाचा संसार. पण तिथे विकलेली गाणी साधी एमपी३ होती, म्हणून ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांच्याकडे ती आजही वाजतात.

कुलूप निघालं कसं तेही सांगून टाकतो. ६ फेब्रुवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहिलं. २००६ अखेर ९ कोटी आयपॉड आणि २०० कोटी कुलूपबंद गाणी विकली गेली होती, म्हणजे एका आयपॉडमागे सरासरी २२ गाणी, आयपॉडवरच्या एकूण गाण्यांच्या ३ टक्क्यांहून कमी. उरलेली ९७ टक्के उघडीच आणि सीडीही बिनकुलपाच्याच विकल्या जातात, मग एवढा खटाटोप कशाला, असा त्यांचा सवाल. ३० मे २००७ रोजी आयट्यून्स ७.२ बरोबर ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची बिनकुलपाची गाणी आली, २५६ केबीपीएस, ९९ सेंटऐवजी १ डॉलर २९ सेंट. आधी घेतलेलं गाणं ३० सेंट भरून बदलून मिळे. दोन-तीन दिवसांतच लोकांच्या लक्षात आलं की या उघड्या फाइलमध्येही खरेदी करणाऱ्याचं नाव आणि ईमेल लिहिलेला आहे. पुन्हा गहजब. त्यात नवीन काही नव्हतं, कुलूपबंद फाइलमध्येही ती माहिती असायचीच. आजही विकत घेतलेल्या एम४ए, म्हणजे बिनकुलपाच्या, फाइलमध्ये ती असते, तेव्हा कुणाला पाठवण्याआधी एवढं लक्षात असू द्या. जानेवारी २००९ मध्ये बाकीच्या मोठ्या कंपन्याही तयार झाल्या आणि त्या वसंतापर्यंत दुकानातली सगळी गाणी उघडी झाली.

जुन्या फाइली मात्र आपोआप उघडल्या नाहीत. त्यांचं काय करायचं ते आता.

आधी मोजणी. आयट्यून्समध्ये किंवा मॅकच्या म्युझिक अ‍ॅपमध्ये गाण्यांच्या यादीला ‘काइंड’ हा रकाना लावा आणि त्यावर क्लिक करून क्रम लावा. ‘प्रोटेक्टेड एएसी’ लिहिलेली गाणी बांधलेली. ‘परचेस्ड एएसी’ लिहिलेली सुटी, त्यांना हात लावू नका. ‘अ‍ॅपल म्युझिक एएसी’ हा तिसराच प्रकार: वर्गणीवर उतरवलेली गाणी, तीही एम४पीच, वर्गणी थांबली की बंद. इथे एक चूक फार होते. घरची जुनी एमपी३ पुसून त्याच गाण्याची ‘चांगली’ प्रत अ‍ॅपल म्युझिकवरून उतरवली जाते, आणि सुटं गाणं देऊन बांधलेलं घेतलं जातं. डब्ल्यूएमए फाइलसाठी विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘प्रोटेक्टेड’ हा रकाना लावला की हो किंवा नाही दिसतं.

बांधलेल्या गाण्यावर ‘गेट इन्फो’ करून ‘फाइल’च्या पानावर पाहा, कुठल्या आयडीने घेतलं ते तिथे असतं. तो आयडी वापरून अकाउंट, ऑथरायझेशन्स, ऑथराइज धिस कॉम्प्युटर. पाचही जागा भरल्या असतील तर खात्याच्या पानावरून सगळे संगणक एकदम काढता येतात, पण वर्षातून एकदाच. जागा भरतात त्या बहुधा मेलेल्या संगणकांनी. रॅम, हार्ड डिस्क बदलली किंवा विंडोज पुन्हा टाकलं तर तोच संगणक नवा म्हणून मोजला जाऊ शकतो, म्हणून आधी डीऑथराइज करायचं आणि मग स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा. ऑथराइज करूनही दर वेळी पुन्हा पासवर्ड मागत असेल, तर किल्ल्यांचं फोल्डर बिघडलंय. विंडोजवर ते सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅमडेटामध्ये, अ‍ॅपल कॉम्प्युटर, मग आयट्यून्स, त्यात ‘एससी इन्फो’ या नावाने लपलेलं असतं. मॅकवर यूजर्सच्या शेअर्डमध्ये. आयट्यून्स बंद करून ते पुसा, संगणक पुन्हा सुरू करा, पुन्हा ऑथराइज करा.

सर्वांत सोपी सुटका म्हणजे पुन्हा उतरवून घेणं. जून २०११ पासून जुनी खरेदी फुकट पुन्हा उतरवता येते आणि गाणं दुकानात अजून असेल तर २५६ केबीपीएसचं सुटं मिळतं. आधी एम४पी दुसऱ्या डिस्कवर ठेवा, लायब्ररीतून काढा, ‘परचेस्ड’मध्ये जाऊन ढगाचं चिन्ह दाबा. खरेदी अमेरिकेच्या दुकानातली आणि खातं आता भारताच्या दुकानावर नेलेलं असेल, तर काही गाणी दिसणारच नाहीत. परत येणाऱ्यांनी देश बदलण्याआधी सगळं उतरवून घ्यावं. नंतर करू म्हटलं की राहतं.

जे दुकानातून गेलंय त्यासाठी सीडीचा रस्ता. ही सोय आयट्यून्सनेच दिलेली आहे, कुठलं कुलूप तोडावं लागत नाही. (कुलूप तोडण्याबद्दल आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कलम ६५ए आहे: हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.) ७०० एमबीच्या सीडीवर ८० मिनिटं बसतात, म्हणजे साडेचार-पाच मिनिटांची साधारण सोळा गाणी, दोनशे गाण्यांना बारा-तेरा फेऱ्या. सीडी-आरडब्ल्यू घेतली तर एकच पुसून पुसून पुरते. प्लेलिस्ट ८० मिनिटांच्या आतच ठेवा, एकूण वेळ खाली दिसते. प्रकार ‘ऑडिओ सीडी’ निवडा, एमपी३ सीडी नको, कारण तीवर बांधलेली गाणी जात नाहीत. ‘साउंड चेक’ची खूण काढा, नाहीतर आवाजाची पातळी बदललेली उतरते. मैफलीचं सलग ध्वनिमुद्रण असेल तर गाण्यांमधली दोन सेकंदांची फट शून्य करा. वेग कमाल ठेवू नका, जुन्या ड्राइव्हला आठपट पुरे.

इथे मराठी गाण्यांची खास अडचण येते. नावं सीडीवर जावीत म्हणून ‘सीडी टेक्स्ट’ची खूण असते, पण त्या पद्धतीत देवनागरी बसत नाही. नावं रोमन लिपीत असतील तर येतील, देवनागरीत असतील तर प्रश्नचिन्हं येतील किंवा नुसतं ‘ट्रॅक ०१’. म्हणून सीडी बनवण्याआधी फाइल, लायब्ररी, एक्स्पोर्ट प्लेलिस्ट करून ती ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून जपा. साध्या टेक्स्टमध्ये देवनागरीचा चिखल होतो. नंतर क्रमांक जुळवून नावं चिकटवता येतात.

सीडीवरून परत घेताना इम्पोर्ट सेटिंगमध्ये ‘अ‍ॅपल लॉसलेस’ (आवाजातलं काहीही न गाळणारा प्रकार) निवडा आणि चुका दुरुस्त करत वाचण्याची खूण करा. मूळ १२८चं गाणं लॉसलेस करून सुधारत नाही. पण पुन्हा एमपी३ केलं तर आधीच पिळलेलं गाणं दुसऱ्यांदा पिळलं जातं, आणि झांजा-टाळांच्या आवाजात ते पहिल्यांदा कळतं. किंमत जागेची: चार एमबीच्या गाण्याचे पंचवीस-तीस एमबी होतात. दोनशे गाण्यांचे सहा जीबी, आजच्या डिस्कला काहीच नाही.

नवी फाइल आयट्यून्समध्ये वाजली एवढ्यावर समाधान मानू नका, तिथे एम४पीही वाजते. ती व्हीएलसी या दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडा. सुरुवात, मध्य आणि शेवटची दहा सेकंदं ऐका, कारण सीडीवर चरा असेल तर तो बहुधा काठाकडे, म्हणजे शेवटच्या दोन-तीन गाण्यांत सापडतो. ती नीट असली की मग मूळ एम४पी पुसायला हरकत नाही.